गावात दिव्यांगांचा गट उभा करताना

नोंदणीची घाई नको. बचत गटाला धर्मादाय कार्यालयाची पायरी चढावी लागत नाही. 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात एरवी गटाला किमान 10 सदस्य लागतात. दिव्यांगांच्या गटाला 5 पुरतात आणि त्यात स्त्री-पुरुष एकत्र बसू शकतात. 1860 च्या कायद्याखाली संस्था नोंदवायची असेल तर 7 जण हवेत.

खरी मेख बैठकीच्या जागेत असते. ग्रामपंचायतीला तीन पायऱ्या असल्या की व्हीलचेअरवाला पहिल्याच दिवशी गळतो. त्यापेक्षा देवळाचा सपाट सभामंडप बरा. कर्णबधिर सदस्य असेल तर बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडेल असे बसा. बौद्धिक दिव्यांग मुलाच्या वतीने बहुधा आईच बोलत राहते. तिला जरा थांबवावे लागते. अध्यक्ष मात्र दिव्यांगच असावा. गावचे पुढारी सल्लागार म्हणून पुष्कळ झाले!

पहिले काम म्हणून 5 टक्के निधीचा हिशेब मागा. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचा एवढा वाटा दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. अर्जात तीनच प्रश्न पुरेत: गेल्या वर्षी स्वउत्पन्न किती, त्याचे 5 टक्के किती, ते गेले कशावर? दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्याच. उत्तर आले नाही तर तोच विषय ग्रामसभेत, मग गटविकास अधिकाऱ्यांकडे. त्याही वर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने राज्य आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे, कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार दिले आहेत.