'न्यायनिर्णय' या शब्दाचा अर्थ आणि उच्च न्यायालयांतर्गत अपिलाची मर्यादा

प्रस्तावना :
अपिलाचा हक्क हा निसर्गदत्त नसून कायद्याने निर्माण केलेला हक्क होय. त्यामुळे कायद्यातील एका शब्दाच्या अर्थावरही अपिली अधिकारितेची सीमा ठरू शकते. कलकत्ता उच्च न्यायालयाचा १८७२ मधील निर्णय या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

पार्श्वभूमी :
मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील उच्च न्यायालये १८६२ मध्ये स्थापन झाली. त्यांच्या १८६५ च्या सनदांतील (लेटर्स पेटंट) कलम १५ नुसार एकल न्यायाधीशाच्या 'न्यायनिर्णया'विरुद्ध त्याच न्यायालयात अपील करता येते. मात्र या शब्दाची व्याख्या सनदेत नाही.

निर्णय व मतभेद :
'जस्टिसेस ऑफ द पीस फॉर कलकत्ता विरुद्ध ओरिएंटल गॅस कंपनी' या प्रकरणात मुख्य न्यायमूर्ती सर रिचर्ड काउच यांनी निकष घालून दिला. काउच हे पूर्वी मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती होते. पक्षकारांमधील वादाच्या गुणावगुणांवर परिणाम करणारा, म्हणजेच एखादा हक्क वा दायित्व निश्चित करणारा निर्णय हाच न्यायनिर्णय होय. तो अंतिम, प्राथमिक किंवा अंतरिम असू शकतो, असे त्यांनी प्रतिपादन केले. पुढे मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने तुळजाराम राव प्रकरणात (१९१०) आदेशाच्या स्वरूपापेक्षा दाव्यावरील त्याच्या परिणामास महत्त्व दिले. तर रंगून उच्च न्यायालयाने १९३५ मध्ये न्यायनिर्णय म्हणजे हुकूमनामाच, असा संकुचित अर्थ स्वीकारला.

व्यावहारिक महत्त्व :
हा वाद केवळ शाब्दिक नाही. अंतरिम मनाई हुकूम नाकारला गेल्यास दावा चालू असतानाच मिळकत त्रयस्थाकडे जाण्याचा धोका असतो. याउलट, प्रत्येक आदेशावर अपील स्वीकारल्यास मूळ दावा कधीच संपणार नाही. 'शाह बाबुलाल खिमजी विरुद्ध जयाबेन कनिया' (१९८१) या मुंबईच्या प्रकरणात एकल न्यायाधीशाने रिसीव्हर व मनाई हुकूम यांची मागणी फेटाळली आणि खंडपीठाने अपीलच चालण्याजोगे नसल्याचे ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने ते अपील ग्राह्य ठरविले. मात्र पक्षकाराच्या महत्त्वाच्या हक्कांवर प्रत्यक्ष परिणाम न करणारे नित्याचे आदेश अपिलाबाहेर ठेवले.

निष्कर्ष :
दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १००-अ मधील सुधारणेमुळे १ जुलै २००२ पासून एकल न्यायाधीशाने अपिलात दिलेल्या निर्णयावर पुढील अपील बंद झाले. तथापि, मूळ शाखेतील आदेशांबाबत काउच यांनी उपस्थित केलेला प्रश्न आजही विचारावाच लागतो : या आदेशाने कोणाचा कोणता हक्क ठरला?