‘ऑडिट’ या शब्दाविषयी थोडेसे

अहवालाच्या अखेरीस लेखापरीक्षकांचे प्रमाणपत्र छापलेले असते. बहुतेक वाचक ते पान न वाचताच उलटतात. वाणिज्य शाखेचा पदवीधर असूनही ‘ऑडिट’ या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ मला फार उशिरा कळला. ‘ऐकणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून तो आला आहे. ‘ऑडिओ’, ‘ऑडिटोरियम’ ही त्याचीच भावंडे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जमाखर्च मोठ्याने वाचून दाखविला जाई आणि तो ऐकून तपासणारा तो ‘ऑडिटर’. म्हणजे मूळचा श्रोताच! आपला ‘लेखापरीक्षण’ हा शब्द डोळ्यांचा, तो कानांचा.

सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये आमच्या हिशेबांचे परीक्षण दरवर्षी होतेच. परंतु रोखपालाच्या खिडकीशी उभ्या असलेल्या नातेवाइकाचे काय? गतवर्षी एक वृद्ध गृहस्थ मुलाचे बिल हातात घेऊन बराच वेळ तेथे थांबले होते. वाचता येत नव्हते आणि विचारण्याचा संकोच होता. लिपिकाने एकेक रक्कम वाचून दाखविली, तेव्हा त्यांनी स्वतः औषध विभागात परत केलेल्या दोन इंजेक्शनांची आकारणी त्यांच्याच ध्यानी आली. ती रक्कम तत्काळ वजा करण्यात आली. तेव्हापासून बिल हाती देण्यापूर्वी ते वाचून दाखविण्याची पद्धत आम्ही ठेवली आहे.