चोवीस फुटांचा संसार

नोव्हेंबर १९६८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर एक लाकडी शिडाची नौका पाण्यात उतरली. तिची लांबी २४ फूट ४ इंच आणि रुंदी जेमतेम नऊ फूट होती. देवगाव रंगारीच्या बाजारपेठेत या मापाचा गाळा कोणी दाखवला, तर घेणारा पहिला प्रश्न विचारील की, यात माल ठेवायचा कुठे आणि बसायचे कुठे? त्या नौकेत मात्र एक पती-पत्नी अकरा वर्षे राहिले. तेथेच त्यांचे शयनगृह, स्वयंपाकघर, कार्यशाळा आणि लेखनाची जागा होती. नौकेचे नाव 'सेराफिन' आणि त्या दांपत्याचे नाव लॅरी व लिन पार्डी.

लॅरीचा जन्म १९३९ चा, कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील व्हिक्टोरियाचा. लिन त्याच्याहून पाच वर्षांनी लहान, जन्म अमेरिकेतील डेट्रॉइटचा. १९६५ मध्ये दोघांची कॅलिफोर्नियात गाठ पडली, तेव्हा लॅरीच्या डोक्यात नौकेचा आराखडा तयार होता आणि खिशात फारसे काही नव्हते. लाइल हेस या नौकारचनाकाराने आखून दिलेल्या रेषांवर दोघांनी साडेतीन वर्षे स्वतः काम केले. दिवसा इतरांची कामे करायची, मिळालेल्या पैशातून लाकूड, तांबे व पितळ घ्यायचे आणि उरलेल्या वेळात स्वतःच्या नौकेला एकेक फळी जोडायची, असा त्यांचा क्रम होता. नौका पूर्ण झाली आणि विवाहही त्याच सुमारास झाला. १९६९ मध्ये ते मेक्सिकोच्या दिशेने निघाले. किती दिवसांसाठी, हे ठरलेले नव्हते. मौज वाटेल तोवर जायचे, एवढाच करार.

'सेराफिन'मध्ये इंजिन नव्हते. आजच्या वाचकालाच नव्हे, त्या काळच्या नाविकांनाही हा हट्ट वाटला. पण या निर्णयामागे हिशोब होता. इंजिन विकत घ्यायला पैसा लागतो, पण त्याहून अधिक पैसा ते जिवंत ठेवायला लागतो. खाऱ्या हवेत लोखंड गंजते, सुटे भाग परक्या बंदरात मिळत नाहीत आणि इंधनाची टाकी व यंत्र मिळून छोट्या नौकेतील सर्वांत सोयीची जागा खाऊन टाकतात. पार्डींनी ती जागा धान्यासाठी, पाण्यासाठी आणि हत्यारांसाठी वापरली. बंदरात शिरताना वारा पडला, तर चौदा फुटी लांब वल्हे नौकेच्या मागच्या बाजूने डावीकडे-उजवीकडे हलवत ते तिला पुढे ढकलत. तेही जमले नाही, तर नांगर टाकून वाऱ्याची वाट पाहत. दिवे रॉकेलचे होते आणि विजेची गरज जवळजवळ नव्हतीच.

जाणकारांचा एक ढोबळ ठोकताळा असा की, नौकेच्या किमतीच्या सुमारे दहा टक्के रक्कम दरवर्षी तिच्या देखभालीला लागते. बुडाचा रंग, शिडांची शिवण, दोरखंड, लाकूड पोखरणारे समुद्री किडे, या सर्वांचा खर्च त्यात येतो. म्हणजे ताळेबंदात नौका मालमत्तेच्या बाजूला लिहिली, तरी तिचे मन खर्चाच्या बाजूला असते. कर्ज काढून मोठी नौका घेणाऱ्या कित्येकांची सफर पहिल्या-दुसऱ्या वर्षीच का संपते, याचे उत्तर वादळात नाही, या आकड्यात आहे. पार्डींनी मोठी नौका घेण्यासाठी वाट पाहिली नाही. आपल्या हातांनी दुरुस्त करता येईल एवढीच नौका ठेवली आणि तिच्यात जेवढे मावेल तेवढ्याच वस्तू बाळगल्या. आपल्याकडे परिग्रहाचे परिमाण ठरवण्याची परंपरा आहे. तेथे ते परिमाण सुताराच्या मोजपट्टीने ठरले होते. एक नवीन भांडे आले की एक जुने खाली उतरवावे लागे.

उत्पन्नाचे काय, हा व्यापारी घरातील वाचकाचा रास्त प्रश्न. लॅरी उत्तम नौका-सुतार होता आणि डोलकाठी व दोरखंडांच्या कामात तरबेज. ज्या बंदरात जाईल तेथे कोणाची ना कोणाची नौका मोडलेली असेच. इतरांच्या नौका एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोहोचवून देण्याचे कामही दोघे घेत. लिनने लिहायला सुरुवात केली, नौकानयनाच्या मासिकांतून लेख येऊ लागले आणि १९७६ मध्ये 'सेराफिन'च्या सफरीवरचे पहिले पुस्तक निघाले. पुढे पुस्तकांची रांग लागली. वर्षातील काही महिने काम करायचे आणि उरलेल्या काळात त्या मिळकतीवर फिरायचे. साठलेल्या भांडवलाला हात न लावता चालू उत्पन्नावर चालू खर्च भागवायचा, हे सूत्र त्यांनी अखेरपर्यंत पाळले. निवृत्तीनंतर जग पाहू, असे म्हणत राहणाऱ्यांपेक्षा त्यांचे गणित वेगळे होते. ते प्रत्येकाला जमेल असे नाही, पण बेहिशेबी म्हणता येणार नाही.

घरात सर्वांत चर्चेचा विषय झाला तो लिनचा स्वयंपाक. शीतकपाट नसताना महिनाभराची भाजी कशी टिकवायची, याचा तिने अभ्यास केला आणि जपानहून कॅनडाला जाणाऱ्या लांबलचक प्रवासाची रोजनिशी आधाराला घेऊन नाविकांच्या आहारावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. बाजारातून आणलेली कोबी आणि लिंबे एकेक करून तपासायची, मार लागलेले फळ आधी वापरायचे, धान्य हवाबंद डब्यांत ठेवायचे आणि किडे सोबत येऊ नयेत म्हणून पुठ्ठ्याची खोकी धक्क्यावरच टाकून द्यायची. आपल्या आजींनी वर्षाचे धान्य भरताना पाळलेल्या नियमांत आणि यात फरक एवढाच की, लिनचे कोठार सतत हलत असे. पाणी मात्र सर्वांत मौल्यवान. छोट्या नौकेवर पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी दरमाणशी दिवसाला सुमारे दोन लिटर, असा हिशोब धरतात. भांडी समुद्राच्या पाण्यात विसळायची आणि पावसाची सर आली की शीड आडवे पसरून गोडे पाणी धरून ठेवायचे. टँकरची वाट पाहिलेल्या मराठवाड्यातील गृहिणीला हे शिकवावे लागणार नाही.

लिनची उंची चार फूट दहा इंच. ही गोष्ट सांगायचे कारण असे की, लॅरीने नौकेवरील प्रत्येक दोर, प्रत्येक कप्पी आणि नांगराची साखळी ओढण्याचे यंत्र तिच्या ताकदीला झेपेल असे बसवले होते. पती आजारी पडला किंवा समुद्रात पडला, तर पत्नीला एकटीने नौका फिरवून परत आणता आली पाहिजे, नाही तर नौका बांधलीच चुकीची, असा दोघांचा आग्रह होता. दीर्घ प्रवासात रात्री आळीपाळीने पहारा असतो. एकजण झोपला असताना दुसऱ्याच्या हाती सर्व काही असते. म्हणून लिन दिशा काढायला, सूर्य-ताऱ्यांवरून स्थान ठरवायला आणि शिडे कमी करायला शिकली. आपल्याकडे कित्येक सधन कुटुंबांत पतीच्या पश्चात पत्नीला किती खाती आहेत, कोठे नामनिर्देशन झाले आहे आणि कोणाकडून किती येणे आहे, हे ठाऊक नसते. ते शोधण्यात वर्षे जातात. भांडवल बुडत नाही, पण सुकाणू कोणाच्या हाती नाही, अशी ती स्थिती असते.

समुद्रावर वादळ चुकत नाही. 'सेराफिन' तांबड्या समुद्रातून श्रीलंकेमार्गे पूर्वेकडे जात असताना बंगालच्या उपसागरात पार्डींना चक्रीवादळाला तोंड द्यावे लागले. अशा वेळी नौका वाऱ्यापुढे पळवण्याचा मोह होतो. त्यांची रीत उलट होती: शीड अगदी लहान करायचे, सुकाणू एका बाजूला बांधायचे आणि नौकेचे नाक वाऱ्याशी तिरपे ठेवून तिला जवळजवळ जागीच थांबवायचे. अशी थांबलेली नौका हळूहळू आडवी सरकते आणि तिच्या सरकण्याने वाऱ्याच्या बाजूला पाण्याचा एक गुळगुळीत पट्टा तयार होतो. फुटत येणारी लाट त्या पट्ट्यावर आपला जोर गमावते. वादळातील डावपेचांवर लिहिलेल्या त्यांच्या ग्रंथात हीच पद्धत सविस्तर दिली आहे. सर्वच नाविकांना ती मान्य नाही आणि आधुनिक हलक्या नौकांना ती तितकीशी मानवत नाही, हेही खरे.

जपान आणि उत्तर पॅसिफिक ओलांडून 'सेराफिन'ची पृथ्वीप्रदक्षिणा पुरी झाली. त्यानंतर दोघांनी दुसरी, २९ फूट ६ इंचांची 'टॅलेसिन' बांधली, तीही लाइल हेसच्याच आराखड्यावरून. तिच्या फळ्या सागवानाच्या होत्या. ती बांधली समुद्रापासून दूर, कॅलिफोर्नियातील बुल कॅन्यन नावाच्या कोरड्या दरीत. समुद्राचे वेड असायला समुद्रकाठी जन्म लागतोच असे नाही, याची ही चांगली साक्ष. १९८३ मध्ये 'टॅलेसिन' पाण्यात उतरली आणि २००२ मध्ये याच इंजिन नसलेल्या नौकेतून त्यांनी दक्षिण अमेरिकेच्या टोकाचे केप हॉर्न पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे प्रचलित वाऱ्यांच्या विरुद्ध, ओलांडले.

मात्र केप हॉर्नच्या नावाने वाचकाचा गैरसमज होऊ नये. अशा जीवनातील बहुतेक दिवस महासागरात जात नाहीत. ते जातात किनाऱ्याने, खाडीतून खाडीत, आज वीस मैल तर उद्या मुक्काम, अशा संथ चालीने. त्यांच्याही आधी इंग्लंडचे एरिक व सुसान हिस्कॉक हे दांपत्य तीस फुटी 'वाँडरर तिसरी'तून १९५२ ते १९५५ या काळात जगाभोवती फिरून आले होते. पण हिस्कॉकांची खरी शिकवण किनाऱ्याच्या प्रवासाचीच होती. वाऱ्याचे वेळापत्रक समजून घ्यायचे आणि त्याप्रमाणे घर हलवायचे.

आपल्या कोकण किनाऱ्याला हे वेळापत्रक निसर्गाने फार चोख दिले आहे. मोसमी पाऊस जोरात असताना समुद्र बंद. चातुर्मासात साधू-साध्वी एका ठिकाणी स्थिर राहतात, त्याच काळात तारवे आणि होड्याही किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. नारळी पौर्णिमेला कोळी बांधव समुद्राला नारळ अर्पण करतात आणि हंगाम उघडतो. त्यानंतर मेपर्यंत पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे आणि दुपारनंतर समुद्रावरून येणारे खारे वारे यांचा खेळ चालतो. दुपारचा वारा बहुधा वायव्येचा, म्हणजे मुंबईहून दक्षिणेस निघालेल्या शिडाला पाठीशी घेणारा. मुरूड, हर्णै, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, देवगड, मालवण हे मुक्काम एकेका दिवसाच्या टप्प्यावर येतात. अडचणीही तशाच: खाड्यांच्या मुखाशी वाळूचे दांडे, जे भरतीलाच ओलांडता येतात, रात्री दिवा न लावता उभ्या असलेल्या होड्या, मैलोगणती पसरलेली मासेमारीची जाळी. खाजगी नौका बांधून ठेवण्यासाठी सुसज्ज धक्के आपल्याकडे फारच थोडे. कोचीच्या बोळगट्टी बेटावरील धक्का हे त्यातले ठळक नाव. सातशे किलोमीटरहून अधिक किनारा लाभलेल्या राज्याला ही उणीव शोभत नाही.

तरीही परंपरा अगदीच खुंटलेली नाही. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ५६ फुटी 'म्हादेई' बांधली गेली. तिच्यातून नौदलाचे दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. असे करणारे ते पहिले भारतीय. ती मोहीम होती, संसार नव्हता. संसाराचे उदाहरण अलीकडचे आहे: नौदलातून निवृत्त झालेले गौरव गौतम व त्यांच्या पत्नी वैदेही चिटणवीस यांनी २०२२ मध्ये घरातील सामान आवरून आपल्या लहान मुलीसह 'रीवा' नावाच्या ४२ फुटी शिडाच्या नौकेवर बिऱ्हाड हलवले. मुलीची शाळाही नौकेवरच. हा निर्णय शहाणपणाचा की धाडसाचा, यावर घराघरांत दोन मते होतील आणि आजी-आजोबांचे मत बहुधा तिसरे असेल.

पार्डींच्या कथेचा उत्तरार्ध समुद्रावरचा नाही. न्यूझीलंडच्या कवाऊ बेटावरील एका शांत खाडीत त्यांनी जमिनीवरचे घर केले होते, समोर छोटा धक्का आणि कामाचे छप्पर. लॅरीला कंपवाताने गाठले. ज्या हातांनी फळीला फळी अशी जुळवली होती की मध्ये केस जाऊ नये, ते हात थरथरू लागले. आधी लांबचे प्रवास थांबले, मग 'टॅलेसिन' दुसऱ्यांच्या हाती गेली. आजार वाढत गेला तसतसे घर, पत्रव्यवहार, पुस्तकांचे व्यवहार आणि पतीची देखभाल लिनने सांभाळली. २७ जुलै २०२० रोजी लॅरीचे निधन झाले. लिन पुढेही लिहीत राहिली आणि डेव्हिड हेग या ऑस्ट्रेलियन नाविकासोबत 'सहुला' नावाच्या नौकेवर पुन्हा समुद्रात जाऊ लागली. तेथेही रात्रीचा पहारा वाटून घेतलेला असतो आणि आपल्या वाट्याच्या तासांत सुकाणू तिच्याच हाती असते.