आजीला गाडी आठवते, नाव आठवत नाही



पिकावर रोग पडला की त्याचे नाव शेतकऱ्याला ठाऊक असतेच असे नाही. मग आम्ही विचारतो, "डाग कोणत्या पानावर? कोणत्या महिन्यात दिसला?" एवढ्यावरून पुष्कळदा रोग कळतो. लहानपणचे विसरलेले खेळणेही असेच ओळखावे.

गेल्या उन्हाळ्यात एका गावी सभा संपल्यावर एक आजी म्हणाल्या, "साहेब, माझा थोरला भाऊ मला गाडी करून द्यायचा. पांढरी, हातात घेतली तर वजनच नाही. भाऊ गेला. कशाची होती ते सांगायला आता कोणी उरलं नाही." नातवाने थर्माकोलची गाडी करून दिली होती. ती ही नव्हे, असे आजींचे म्हणणे.

मी विचारले, "कोणत्या दिवसांत करायचा?"

"खळं झाल्यावर."

"जोडायचा कशानं?"

"बाभळीच्या काट्यांनी."

जवळच्या गंजीतून ज्वारीचे एक धाट ओढून दिले. आजींनी साल सोलली, आतले भेंड बोटांनी दाबून पाहिले आणि म्हणाल्या, "हेच."

सगळ्या ज्वारीत असे भेंड मिळत नाही. पानाची मधली शीर पांढरीशुभ्र असेल तर धाट आतून कोरडे व हलके असते. शीर मळकट हिरवी असेल तर धाट रसाळ. ते खेळण्याच्या कामाचे नाही. १९६४ साली सी. एस. एच. १ हा आपल्या देशातील पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. बुटके वाण पसरले तशी खरिपातली लांब पेरांची धाटे कमी झाली. पुढे पुष्कळ रानांत सोयाबीन आले, आणि उरलेला कडबा कुट्टी यंत्रात जाऊ लागला. मुलांच्या हाती अख्खे धाट येईनासे झाले, तिथे खेळणे तरी कसे टिकावे?

करून पाहायचे असल्यास भेंडाच्या जाड चकत्यांची चाके करा. आस आणि साटा सालीच्या कामट्यांचा. साल मोठ्यांनीच सोलावी. तिच्या धारेने बोट कापते. काटे वापरलेत तर मोजून परत घ्या, गव्हाणीत जाऊ देऊ नका. जनावराच्या तोंडात रुततील.

यंदा कुट्टीआधी एक पेंढी बाजूला ठेवा. घरातल्या वडीलधाऱ्यांना खेळण्याचे नाव विचारू नका. हंगाम विचारा आणि धाट हातात द्या. तोंडाने सांगता येत नाही, ते पुष्कळदा हात करून दाखवतात.