घरची दुरुस्ती (लेखांक ९) : कशाला काय चिकटतं?

गणपती पंधरा दिवसांवर आले की गिरगाव-लालबागच्या चाळींत माळ्यावरचं सामान खाली उतरतं आणि वर्षभराची मोडतोड एकदम समोर येते. चौरंगाचा पाय निखळलेला, देव्हाऱ्याचा आरसा सुटलेला, पितळी घंटेची लाकडी मूठ हलतेय. मग कुणीतरी खालच्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन विचारतं, "सगळ्यात पक्का गोंद कुठला?" असा एकच गोंद नसतो. तो कशाला लावायचा आहे आणि तो वाळतो कसा, यावर सगळं अवलंबून असतं.

लाकडापासून सुरुवात करू, कारण ती गोष्ट याच भागातली आहे. पूर्वी सुतार सरस वापरत. जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून केलेला सरस शेगडीवर पातळ करायचा, गरम असतानाच लावायचा, आणि पावसाळ्यात ओल धरली की सांधा ढिला व्हायचा. बळवंतराय पारेख उमेदीच्या काळात मुंबईत एका लाकडाच्या व्यापाऱ्याकडे शिपाई होते. पुढे १९५४ साली त्यांनी भावासोबत जेकब सर्कलला, म्हणजे आपल्या सात रस्त्याला, रंगद्रव्यांचा व्यवसाय सुरू केला. गिऱ्हाईक होतं कापड उद्योग. १९५९ मध्ये त्यांनी फेव्हिकॉल आणला आणि सुतारांची शेगडी सुटली.

हा पांढरा गोंद म्हणजे पाण्यात पसरलेले पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेटचे बारीक कण. लाकूड पाणी शोषून घेतं, कण एकमेकांना भिडतात आणि त्यांचा सलग थर तयार होतो. म्हणून चौरंगाचा पाय बसवताना आधी जुना गोंद पार खरवडून काढा. तो राहिला तर नवा लाकडात शिरतच नाही. घरी जोडलेले सांधे पुन्हा निखळतात ते बहुधा यामुळेच. मग दोन्ही बाजूंना पातळ हात द्या, सुतळीने घट्ट आवळा आणि रात्रभर हलवू नका. ऐन पावसाळ्यात आणखी एक दिवस द्या. हाच गोंद स्टील आणि काच यांच्यामध्ये लावलात, तर पाण्याला बाहेर पडायला वाटच नसते. कडा वाळतात, मधला भाग ओलाच राहतो.

फेव्हिक्विकसारख्या झटपट गोंदाचं नेमकं उलटं. त्यातलं सायनोअ‍ॅक्रिलेट हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या दमटपणामुळेच घट्ट होतं. १९४२ मध्ये हॅरी कूव्हर आणि त्यांचे सहकारी ईस्टमन कोडॅकमध्ये बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत असताना हा पदार्थ हाती आला. दिसेल त्याला चिकटतो म्हणून तेव्हा बाजूला पडला आणि १९५८ मध्ये गोंद म्हणून बाजारात आला. तो लागतो एक थेंब. जास्त घातला तर वाळायला वेळ लागतो आणि कडेला पांढरी भुकटी धरते. तुकडे एकमेकांत चपखल बसत असतील, तरच तो वापरा. फट भरणं हे त्याचं काम नाही. चहाच्या कपाचा कान तर त्याने जोडूच नका. गरम चहा आणि रोजचं धुणं यांनी सांधा कमजोर होतो आणि एक दिवस कप अंगावर उलटतो. बोटं चिकटलीच तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात धरा. आणि हा गोंद सुती फडक्याने कधीच पुसू नका. कापसाशी संयोग झाला की तो इतका तापतो की चटका बसतो.

घंटेची मूठ म्हणजे धातू आणि लाकूड, मध्ये फट. इथे अ‍ॅराल्डाइटसारखं दोन ट्यूबचं इपॉक्सी हवं. त्याला पाणी जायला नको आणि यायलाही नको. दोन भागांचा आपसांत संयोग होऊन ते घट्ट होतं. म्हणूनच पाकिटावरचं प्रमाण काटेकोर पाळा. लवकर वाळावं म्हणून हार्डनर जास्त घालणारे बरेच भेटतात. त्याने सांधा कच्चाच राहतो. धातू आधी पॉलिश पेपरने घासा आणि पितांबरी, तेल, काजळी यांचा मागमूस ठेवू नका.

देव्हाऱ्याच्या आरशाला मात्र इपॉक्सी नको. जुलैत चाळीतली दारं फुगून अडकतात, तशी देव्हाऱ्याची फळीही फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. काच तशीच राहते. मधला गोंद कडक असेल तर एक तर सांधा सुटतो, नाहीतर काच तडकते. लवचिक सिलिकॉन ही ओढाताण सोसतं. पण ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते घेऊ नका, त्याने आरशाचा पारा खराब होतो. दुकानात 'न्यूट्रल' सिलिकॉन मागा.

प्लास्टिकच्या बादलीवर आणि डब्यांच्या झाकणांवर यातलं काहीच धड टिकत नाही. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन यांचा पृष्ठभागच मेणासारखा. गोंद त्यावर पसरत नाही, थेंब होऊन बसतो. तळाशी त्रिकोणात २, ४ किंवा ५ आकडा दिसला तर साध्या गोंदावर पैसे घालवू नका. आकडा ३ असेल तर ते पीव्हीसी, त्यासाठी सॉल्व्हंट सिमेंट मिळतं आणि ते उत्तम धरतं.

आणि कुकरचं हँडल, गॅसची नळी, विजेच्या प्लगचं फुटलेलं कवच, लहान मूल ज्यावर चढतं त्या स्टुलाचा तडकलेला पाय यांना कुठलाही गोंद लावू नका. ती वस्तू बदला, नाहीतर कारागिराकडे द्या.