बाळाचे कपडे : नवे, जुने आणि उसने

घरात बाळ यायचं म्हटलं, की कपड्यांचा विचार आलाच. झबली किती हवीत? दुपटी किती? विकत आणावीत, घरी शिवावीत, की जावेच्या पेटीतली मागून घ्यावीत? आणि बाळ जन्मायच्या आधी घरात आणली तर चालतात का?

हा शेवटचा प्रश्न घरोघर निघतो. म्हाताऱ्या बायका म्हणतात, "मूल हातात येईपर्यंत काही आणू नये." आम्ही त्यांच्याशी भांडत नाही. पूर्वी जन्मताच दगावणारी मुलं फार. आणलेलं झबलं पेटीत तसंच पडून राही आणि आई ते पाहून रडे. त्या दुःखातून ही रीत आली असावी. पण बाळ जन्मलं, की लगेच त्याला पुसून कोरडं करावं लागतं. आईच्या छातीशी धरून वरून कोरडं पांघरूण घालावं लागतं. डोक्याला टोपडं लागतं. तान्ह्या बाळाला गारठा लवकर बाधतो. रात्री दोन वाजता बाजारात कोण धावणार?

इथं जुनं कापड कामाला येतं. नवं आणायचं नसेल तर न आणा. पण जुनं सुती लुगडं किंवा धोतर स्वच्छ धुऊन, उन्हात वाळवून, त्याची चार दुपटी करून ठेवायला कोणतीही आजी नाही म्हणत नाही. शिवाय जुनं सुती कापड मऊ असतं, घाम आणि ओल शोषून घेतं. नव्या कापडाला खळ असते. ते बाळाच्या कातडीला टोचतं. म्हणून दुकानातून आणलेलं झबलंसुद्धा एकदा धुतल्याशिवाय अंगात घालू नये.

आता हिशेब पाहू. बाळ जन्मतं तेव्हा साधारण अडीच ते तीन किलो वजनाचं असतं. पाचव्या महिन्याच्या सुमारास ते दुप्पट होतं आणि वर्षाचं होईतो तिप्पट. लांबी ५० सेंटिमीटरवरून ७५ वर जाते. म्हणजे पहिल्या महिन्यातलं झबलं चौथ्या महिन्यात बसत नाही. ते फाटलेलं नसतं, विटलेलंही नसतं. बाळच त्यातून बाहेर पडलेलं असतं. इतक्या थोड्या दिवसांसाठी डझनभर महाग कपडे घेणं म्हणजे पैसे पाण्यात. पाच-सहा झबली, तीन-चार दुपटी, दोन टोपडी पुरतात. लंगोट मात्र दोन डझन हवेत, आणि पावसाळा असेल तर तेही कमीच पडतात!

उसने कपडे घ्यायला लाजू नये. आपल्याकडे बाळंतविडा करतात, त्यातली खणाची कुंची कितीदा तरी आजीच्याच पेटीतली असते. एकाच कुंचीत मामा, आई आणि आता बाळ, असं पुष्कळ घरांतून झालेलं आहे. मात्र दुसऱ्याचे कपडे घेताना काही गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट वासाची. पेटीतल्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या टाकायची आपली सवय आहे. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत त्या कधीही टाकू नका. काही मुलांच्या रक्तात जन्मापासून एक दोष असतो. बाहेरून तो दिसत नाही. अशा बाळाला या गोळ्यांचा वास लागलेले कपडे घातले, तर त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. बाळ पिवळं पडतं. अशी कावीळ जिवावर बेतू शकते. उसन्या कपड्यांना तसा वास येत असेल तर ते धुवा आणि वास पुरता जाईपर्यंत मोकळ्या हवेत वाळत ठेवा. तोवर घालू नका. बाळाचे डोळे किंवा अंग पिवळं दिसलं तर घरी थांबू नका, दवाखाना गाठा. कपड्याला कापराची पुरचुंडी बांधतात, तीही नको. पेटीत कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला, आणि कपडे ठेवण्याआधी कडकडीत वाळवा. बहुतेक काम त्यानंच होतं.

दुसरी गोष्ट खरजेची. ज्या घरात कुणाला खरूज झालेली आहे, तिथले कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवल्याशिवाय घेऊ नयेत. खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांहून जास्त जगत नाही. तेव्हा धुता येत नसेल असं लोकरीचं काही असलं, तर पिशवीत तोंड बांधून आठवडाभर बाजूला ठेवावं.

बटण ढिलं आहे का, गळ्याची नाडी लांब आहे का, तेही पाहावं. लांब नाडी गळ्याला आवळते. सुटलेलं बटण बाळाच्या तोंडात जातं. पायमोजे उलटे करून आतले दोरे कापून टाकावेत. असा दोरा बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळला, की बोट सुजून लाल होतं, आणि बाळ का रडतं ते कुणाला कळत नाही.

आता रंगाचं. दुकानदार विचारतो, "मुलगा की मुलगी?" आणि मुलगा म्हटलं की निळं काढतो, मुलगी म्हटलं की गुलाबी. जणू हे पूर्वापार चालत आलेलं आहे! तसं मुळीच नाही. ही चाल पश्चिमेकडून आली, आणि तिकडेही ती जुनी नाही. तिथं पूर्वी मुलगा असो वा मुलगी, पांढरे झगे घालीत. पांढरं कापड उकळलं तरी त्याचा रंग जात नाही, हे त्यातलं शहाणपण. फ्रँकलिन रूझवेल्ट पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले. त्यांचा १८८४ सालचा, लहानपणीचा फोटो आहे. त्यात त्यांचे केस लांब आहेत आणि अंगात पांढरा झगा आहे. १९१८ साली तिथल्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांच्या एका मासिकानं तर उलटंच सांगितलं होतं : गुलाबी रंग जोमदार, तो मुलाला, निळा नाजूक, तो मुलीला. आजची वाटणी तिकडे पक्की झाली ती १९४० नंतर. आपल्याकडे संक्रांतीला बोरन्हाणात काळं झबलं घालतात. ते मुलालाही तेच आणि मुलीलाही तेच.

दुकानदाराला दोन रंग ठेवण्यात फायदा आहे. भावाचं निळं बहिणीला नको वाटलं, की पुन्हा नवी खरेदी. आणि मुलगा की मुलगी हे जन्माआधी विचारणं १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. मग आधी तयारी करायची ती दोघांनाही चालेल अशीच करावी लागते. पांढरं, पिवळं, हिरवं घ्यावं.

पण आम्हाला टोचतं ते निराळंच. आमच्या वर्गात एका बाईनं आपल्या मुलीची झबली जावेला देऊ केली. जावेला मुलगा झालेला. सासूबाई म्हणाल्या, "पोरीचं उतरलेलं माझ्या नातवाला नको." त्याच सासूबाईंनी दोन वर्षांपूर्वी पुतण्याचे जुने कपडे नातीला घातले होते, एकही नवं आणलं नव्हतं. तेव्हा म्हणाल्या होत्या, "पोरीला काय, जुनं चालतं." हे ऐकून वर्गातल्या बायका आधी हसल्या, मग गप्प झाल्या. पुष्कळींना आपल्या घरचं आठवलं असावं. जुनं घालण्यात कमीपणा नाही, असं आम्हीच वर सांगितलं. पण मुलीला जुनं आणि मुलाला नवं, ही काटकसर नव्हे. दूध, दवाखाना आणि शाळा यांतही पुढे हाच हिशेब चालतो.

ती झबली मग फुकट गेली नाहीत. वर्गात आता एक पेटी आहे आणि एक वही. कपडे धुऊनच पेटीत यायचे आणि धुऊनच परत यायचे. वहीत तारीख, नाव, वस्तू आणि संख्या ज्या बाईनं नेली तिनं स्वतः लिहायची. एकीनं 'झबलं' तीनदा खोडून चौथ्यांदा बरोबर लिहिलं. डाग पडला तर लपवायचा नाही, वहीत लिहायचा, कारण एका कुंचीवरून दोन शेजारणी सहा महिने बोलत नव्हत्या. परवाची नोंद अशी आहे : झबली ४, टोपडं १, दुपटी २. नेणार त्याच सासूबाई. धाकट्या लेकीला मुलगा झाला म्हणून. झबली गुलाबी आहेत.