लंडनचं वार्तापत्र : फुकट उपचारांचा हिशेब

इथं बजेट जवळ आलं की वर्तमानपत्रांत एक प्रश्न हमखास येतो: एनएचएस देशाला परवडते का? हा प्रश्न त्या सेवेइतकाच जुना आहे. आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांच्या पुढाकारानं 5 जुलै 1948 रोजी ही राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि खर्च लगेचच अंदाजाबाहेर गेला. दातांच्या कवळ्या आणि चष्मे यांवर शुल्क लावायचं ठरलं, तेव्हा 1951 मध्ये बेव्हन यांनी मंत्रिपद सोडलं. 1953 मध्ये सरकारनं गिलबो समिती नेमली. उधळपट्टी उघडी पडेल अशी अनेकांची खात्री होती. 1956 च्या अहवालात निघालं उलटंच: राष्ट्रीय उत्पन्नातला या सेवेचा वाटा 3.75 टक्क्यांवरून 3.25 टक्क्यांवर उतरला होता.

मुंबईतल्या राजावाडी किंवा कूपर रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत उभं राहिलेल्यांना इथली व्यवस्था थोडी समजावून सांगायला हवी. घराजवळच्या दवाखान्यात नाव नोंदवायचं. तिथला डॉक्टर, ज्याला सगळे जीपी म्हणतात, गरज वाटली तर रुग्णालयात पाठवतो. शस्त्रक्रिया होते, बाळंतपण होतं, रुग्ण घरी येतो आणि बिल येत नाही. इंग्लंडमध्ये औषधामागे 9.90 पौंड पडतात, तेही मुलांना आणि साठीच्या पुढच्यांना माफ. पैसा येतो तो मुख्यतः करांतून. व्हिसावर येणाऱ्याला मात्र कर सुरू होण्याआधीच आरोग्य अधिभार भरावा लागतो: प्रौढाला वर्षाला 1,035 पौंड, मुलाला 776. अंधेरीहून नोकरीसाठी येणारं चौघांचं कुटुंब तीन वर्षांच्या व्हिसासाठी 10,866 पौंड आधीच मोजतं. परदेशी माणसं इथली सेवा फुकट लाटतात असं कुणी म्हणालं, की मला हा आकडा आठवतो.

आता मूळ प्रश्न. आरोग्यावरचा सरकारी खर्च आज राष्ट्रीय उत्पन्नाच्या आठ टक्क्यांच्या पुढे आहे. ही वाढ इतकी वर्षं पेलली कशी? मोठा भाग संरक्षणातून आला. पन्नासच्या दशकात संरक्षणावर सात टक्क्यांच्या आसपास खर्च होई, तो हळूहळू दोनच्या थोडा वर येऊन थांबला. कर फारसे न वाढवता रुग्णालयं वाढत गेली. तो मार्ग आता बंद झाला आहे, कारण युक्रेन युद्धानंतर संरक्षणखर्च पुन्हा चढतो आहे. उरतात कर. म्हणूनच एप्रिल 2025 पासून मालकांनी पगारांवर भरायचा ‘राष्ट्रीय विमा’ नावाचा कर 13.8 वरून 15 टक्के झाला. लोक कुरकुरले, पण माझ्या मते हा प्रामाणिक मार्ग आहे. खर्च वाढतो, तो कोण देणार हे संसदेत उघडपणे ठरतं.

अप्रामाणिक मार्गही या देशानं चालून पाहिला आहे, आणि आपल्या मुंबईच्या उपनगरांनी तो नीट पाहावा असं मला कळकळीनं वाटतं. नव्वदच्या दशकापासून इथं खासगी पैशानं रुग्णालयं बांधली गेली. त्या योजनेला पीएफआय म्हणत. कंपनी इमारत बांधायची, देखभाल करायची आणि रुग्णालयानं पंचवीस-तीस वर्षं हप्ते भरायचे. सरकारच्या कर्जाच्या आकड्यात यातलं फारसं दिसत नसे, म्हणून प्रत्येक अर्थमंत्र्याला ते सोयीचं वाटलं. 2019 मध्ये आयपीपीआर या अभ्याससंस्थेनं हिशेब मांडला: सुमारे 13 अब्ज पौंडांच्या गुंतवणुकीसाठी, सेवा आणि देखभाल धरून, 80 अब्जांच्या घरात रक्कम जाणार. नवे करार सरकारनं 2018 मध्येच थांबवले होते. जुन्यांचे हप्ते चालू आहेत.

आग्नेय लंडनमधल्या वूलिच आणि ऑर्पिंग्टनची रुग्णालयं अशीच बांधलेली. ती एनएचएसच्या ज्या ट्रस्टकडे होती त्याला आठवड्याला दहा लाख पौंडांहून जास्त तोटा होऊ लागला. हप्ते हे एकमेव कारण नव्हतं, पण मोठं होतं. 2012 मध्ये तिथं प्रशासक बसवला गेला. त्यानं उपाय सुचवला तो शेजारच्या ल्यूइशम रुग्णालयावर: तिथला अपघात विभाग आणि प्रसूतिगृह आटोपतं घ्यायचं. ल्यूइशमचा हिशेब ठीकठाक चालला होता. हजारो लोक कडाक्याच्या थंडीत रस्त्यावर उतरले, कोर्टात गेले आणि 2013 मध्ये जिंकले. मंत्र्यांनी अधिकाराबाहेर निर्णय घेतला, असं कोर्टानं म्हटलं. (पुढच्याच वर्षी सरकारनं कायदा बदलून घेतला, हेही सांगायला हवं.)

एनएचएसची बाकीची दुखणी लपलेली नाहीत. सप्टेंबर 2023 मध्ये प्रतीक्षायादी 77 लाखांवर गेली होती. 2024 मध्ये शल्यचिकित्सक लॉर्ड डार्झी यांनी अहवालात लिहिलं, की 2014-15 ते 2018-19 या काळात इमारती-यंत्रांसाठीचे 4.3 अब्ज पौंड रोजच्या खर्चाकडे वळवले गेले. हात आखडून वाचवलेला तो पैसा आज गळक्या छपरांतून आणि जुनाट यंत्रांतून दामदुपटीनं वसूल होतो आहे.

आपल्याकडे भारतात 2021-22 मध्ये सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या 1.84 टक्के होता. 2025 पर्यंत 2.5 टक्के गाठायचं, हे 2017 च्या धोरणात लिहिलेलं होतं. 2021-22 मध्येच एकूण आरोग्यखर्चातला 39.4 टक्के भाग लोकांनी थेट खिशातून दिला. म्हणजे खर्च टळलेला नाही. ‘बाहेरून औषध आणा’ अशी चिठ्ठी हातात पडते तेव्हा तो रुग्णाच्या घरावर जातो, आणि त्या घराला तो परवडतो का, हे कुठल्याच बजेटात विचारलं जात नाही. मुंबई महापालिकेचं 2025-26 चं अंदाजपत्रक 74,427 कोटींचं, त्यात आरोग्याला सुमारे 7,380 कोटी, साधारण दहा टक्के. जकात 2017 मध्ये गेली, हातात स्वतःचं उत्पन्न कमी राहिलं, हे मान्य. तरी दहा टक्क्यांवर ‘परवडत नाही’ म्हणणं मला पटत नाही.

बोरिवलीचं भगवती, मुलुंडचं अग्रवाल रुग्णालय खासगी भागीदारीतून चालवण्याचे प्रस्ताव पुढे आले, त्यांना विरोधही झाला. विरोध करणाऱ्यांना आणि पाठिंबा देणाऱ्यांनाही माझी एकच विनंती आहे. करार किती वर्षांचा? महापालिकेच्या दरातल्या खाटा किती? रक्कम दरवर्षी किती वाढणार? भागीदार मध्येच सोडून गेला तर यंत्रं आणि कर्मचारी कुणाचे? हे सह्या होण्याआधी लेखी मागा, वॉर्ड ऑफिसात अर्ज देऊन, नाही मिळालं तर माहितीच्या अधिकारात.